होटगीच्या फलाटावर

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला 'निवृत्तीनंतरचा छंद' हा विषय दिला आणि पंधरा मिनिटं दिली. माझ्याआधी गच्चीवरची बाग झाली, ट्रेकिंग झालं, नातवंडंही झाली. मी मालगाड्यांवर बोलणार म्हटल्यावर सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी मला दोनदा विचारलं, "मालगाड्या? म्हणजे नुसत्या बघायच्या?" हो, नुसत्या बघायच्या. त्यात चढायचं नाही, कुठे जायचं नाही. आपल्यासमोरून गाडी जाते, आपण तिथेच राहतो.

ज्याच्याबरोबर मी त्या बघितल्या तो तिसऱ्या रांगेत खांबाशेजारी बसला आहे. त्याचं नाव घ्यायचं नाही या अटीवर मला बोलायची परवानगी मिळाली आहे, पण ओळखणारे ओळखतीलच. आठवीत आपण त्याला 'गार्डसाहेब' म्हणायचो आणि पुढे तो खरोखरच गार्ड झाला. वर्गातल्या बाकीच्यांच्या टोपणनावांचं असं झालं नाही हे आपल्या सगळ्यांचं नशीब.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही दोघं एका सायकलवर रुळांकडे पळायचो. त्याचे वडील मिलमध्ये, माझे कोर्टात कारकून. दोघांच्याही घरी मुलगा कुठे आहे याची चौकशी जेवायच्या वेळेलाच व्हायची. तेव्हा वाफेची इंजिनंही होती आणि डिझेलही आली होती. पण तो इंजिनाकडे बघायचाच नाही. त्याचं लक्ष डब्यांवर. डब्यांवर रंगवलेली अक्षरं तो वहीत उतरवायचा. 'म' म्हणजे मध्य, 'द.म.' म्हणजे दक्षिण मध्य. एकदा 'पू.सी.' लिहिलेला डबा आला आणि आम्ही सोमवारी भूगोलाच्या सरांना विचारलं. सर म्हणाले, ते पूर्वोत्तर सीमा, आसामकडचं. मग त्यांनी भिंतीवरचा नकाशा काढून आसाम दाखवला आणि विचारलं, तिथला डबा सोलापुरात काय करत असेल? त्या तासाला धडा झालाच नाही. सर आज समोर बसलेत. सर, त्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय: बहुतेक चहा असणार.

आणखी एक गंमत सांगतो, तुमच्यापैकी किती जणांना माहीत असेल शंका आहे. आपण शाळेत असताना सोलापूर मध्य रेल्वेत नव्हतंच. १९६६ साली दक्षिण मध्य रेल्वे झाली तेव्हा सोलापूर विभाग तिकडे गेला, तो २ ऑक्टोबर १९७७ ला परत मध्य रेल्वेत आला. आपण नववीत होतो. गांधी जयंतीची सुट्टी म्हणून आपण क्रिकेट खेळत होतो आणि हा स्टेशनच्या पाट्या बदलल्या का बघायला गेला होता. बदलल्या नव्हत्या. रुसून परत आला.

दहावीनंतर वाटा वेगळ्या झाल्या. मी बँकेत लागलो आणि छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे वाचले. तो रेल्वेत लागला आणि काही वर्षांनी मालगाडीचा गार्ड झाला. आता त्या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, २०२२ च्या जानेवारीपासून. तो म्हणतो, नाव वाढलं, डबा तेवढाच. गार्डचा डबा म्हणजे गाडीच्या शेवटी एक लोखंडी खोली. पुढे अर्धा-पाऊण किलोमीटर गाडी, मागे रिकामे रूळ, आणि त्यात हा एकटा. प्रत्येक स्टेशनावरून जाताना तिथल्या माणसाने हिरवा झेंडा दाखवायचा, याने तो परत दाखवायचा. गाडीचं काही लोंबत नाही, काही जळत नाही, सगळं ठीक, असा त्याचा अर्थ. म्हणजे मालगाडी बघणं हा आमचा चाळा असला तरी रेल्वेत तो नियमच आहे. गाडी गेली आणि कोणी तिच्याकडे बघितलंच नाही, असं चालत नाही.

पाच वर्षांपूर्वी त्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला. कडेचं सगळं दिसतं, पण ज्याच्याकडे थेट बघावं तेच नेमकं पुसलं जातं. वैद्यकीय तपासणीत गाडीसाठी अपात्र ठरला आणि ऑफिसात टेबलावर आला. याबद्दल त्याची कोणावरही तक्रार नाही. "ज्याला सिग्नल दिसत नाही त्याला गाडीवर ठेवूच नये," हे त्याचंच वाक्य. पण २०२३ ला निवृत्त झाल्यावर त्याने रेल्वे हा शब्द टाकला. वहिनींचा मला फोन आला. "भावजी, घरात बसून असतात. खिडकीतून गाडीचा आवाज आला की टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्ही एकदा या की."

मी गेलो. गप्पा झाल्या, चहा झाला, आणि मी म्हटलं, "होटगीला जाऊ या. मालगाड्या बघू." तो म्हणाला, "मी काय बघणार बे?" मी म्हटलं, "मी बघतो, तू ऐक." बराच वेळ काही बोलला नाही. मग आत जाऊन एक जुनी डायरी घेऊन आला आणि माझ्या हातात दिली. "ही घे मग. पण हिच्याबद्दल आत्ता विचारू नकोस."

गेल्या डिसेंबरातला रविवार. वहिनींनी कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही आणि दोन कांदे बांधून दिले. माझ्या स्कूटरवर मागे तो. सकाळी आठच्या आत होटगी. फलाट तिकीट काढलं, कडुनिंबाखालचा बाक धरला. हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल पोरं रुळात उभी राहून फोटो काढतात. आम्ही दोघांनी सगळा दिवस पिवळ्या पट्टीच्या आत काढला, आणि काही चुकलं नाही.

होटगीच का? कारण सोलापूरच्या अलीकडेपलीकडे सगळ्यात जास्त माल तिथे हलतो. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० साली सोलापूरला आला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासच्या मार्गाला जाऊन मिळाला. तेव्हापासून ही वाट मालाची आहे. आधी कापूस आणि धान्य, मग मिलच्या गाठी. विजापूर-गदगची मीटरगेज होटगीहूनच फुटायची, आता तीही ब्रॉडगेज झाली. मिल गेल्या, पण माल गेला नाही, बदलला. वाडी-शहाबादकडच्या चुनखडीच्या पट्ट्यातून सिमेंटचा कच्चा माल येतो, होटगी-टिकेकरवाडीच्या कारखान्यांतून सिमेंट जातं. एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं वीजकेंद्र जवळच, त्याला कोळसा लागतो. पलीकडे पाकणीला तेलाचा डेपो. आपण सोलापूरचं नाव चादरीने सांगतो, पण रूळ दुसरंच सांगतात.

पहिली गाडी आली ती कोळशाची. इलेक्ट्रिक इंजिन, मागे उघडे डबे. मी मोजायला लागलो तर तो म्हणाला, "मोजू नकोस. अठ्ठावन्न असतील. भरलेली आहे." डोळे मिटलेले होते त्याचे. भरलेली गाडी जमिनीतून येते, म्हणाला, बाकाला कळते. रिकामी गाडी हवेतून येते, पत्र्यासारखी वाजते. पुढे दिवसभर मी हे तपासलं. एकदाही चुकला नाही. सिमेंटचे बंद डबे, कंटेनर, तेलाच्या टाक्या, सगळे आवाजावरून. टाक्यांत अर्धवट भरलेलं तेल हिंदकळतं का, हे माझं अज्ञान. तो हसला आणि म्हणाला, अर्धवट भरतच नाहीत.

दहाच्या सुमाराला कोळशाचा रिकामा रेक उलटा निघाला. अर्धा गेला असेल तोवर हा एकदम ताठ बसला. "चपटं चाक आहे. ऐक." मला काही कळेना. मग कळलं: त्या सगळ्या खडखडाटात एकच ठोका नेमाने पडत होता, धड-धड-धड, लोहाराने घातल्यासारखा. ब्रेक अडकून चाक रुळावर घासत गेलं की एका जागी सपाट होतं आणि मग दर फेऱ्याला रूळ ठोकतं. थंडीत रुळाला ते बरं नाही. हा उठला, स्टेशन मास्तरांना सांगायला. तोवर झेंडा घेऊन उभा असलेला पॉइंट्समन आधीच आत फोनकडे पळाला होता. परत येताना तो पोरगा आमच्या बाकापाशी थांबला. "काका, तुम्ही पण ऐकलं?" "ऐकलं की." "रेल्वेत होता?" यावर आमचा गडी पाच वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, "गार्ड होतो. सोलापूर."

त्यानंतर दोन चहा फुकट आले. निवृत्त माणसाला याहून मोठा सत्कार नसतो, हे इथले निवृत्त लोक मान्य करतील.

भाकरी खाताना मी डायरी काढली. आत एकाच पानावर पन्नास आकडे. प्रत्येक अकरा अंकी. त्यातल्या छत्तीस आकड्यांपुढे बरोबरची खूण आणि तारीख. चौदा कोरे.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. लातूरला पाणीच उरलं नव्हतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. तेलाच्या टाक्यांचे डबे कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुवून आणले, मिरजेत कृष्णेचं पाणी भरलं, आणि पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शीवरून ३४२ किलोमीटर लातूर. पहिली गाडी दहा डब्यांची, पाच लाख लिटर, १२ एप्रिलला पहाटे पोचली. पुढे पन्नास डब्यांच्या गाड्या सुटल्या. ऑगस्टपर्यंत शंभरावर फेऱ्या, पंचवीस कोटी लिटर. लोकांनी तिला 'जलदूत' म्हटलं. आणि रस्ता कोणता? जुन्या बार्शी लाइटचा. अडीच फुटी रुळांवरून आपल्या आज्या पंढरपूरला ज्या गाडीने गेल्या, तीच वाट आता रुंद झालेली.

यातल्या एका पन्नास डब्यांच्या गाडीवर हा गार्ड होता, कुर्डुवाडीहून पुढे. हे त्याने मला कधीच सांगितलं नव्हतं. त्या बाकावर सांगितलं.

"मधे एका छोट्या स्टेशनवर गाडी लूपला घेतली. दुपारचे दोन. मी उतरून बघायला निघालो तर एका टाकीच्या झडपेतून पाणी ठिबकत होतं. थेंब-थेंब. आणि खाली कळशी. एक आजी आणि तिची नात. कुठून कळलं होतं त्यांना कोणास ठाऊक. मला बघून आजी उठायला लागली. मी काही बोललो नाही. पाठ केली आणि टॉर्च पुसत उभा राहिलो. दोन वाजता दुपारी टॉर्च पुसतोय. सिग्नल पडला तेव्हा मागे बघितलं तर कळशी अर्धीसुद्धा भरली नव्हती. पोरीने ती दोन्ही हातांनी उचलली, रस्त्यावर एक थेंब सांडला नाही. तेवढं पाणी आपण तोंड धुताना सोडतो."

लातूरला गाडी रिकामी होईपर्यंत त्याने पन्नासही डब्यांचे नंबर उतरवले. पाऊस पडला, फेऱ्या संपल्या, टाक्या पुन्हा तेलात गेल्या, देशभर पांगल्या. मग हा प्रत्येक तेलाच्या गाडीत त्या शोधायला लागला. ड्यूटीवर शेजारच्या लाइनीला उभ्या असलेल्या, दौंडला, वाडीला, कुर्डुवाडीला. चार वर्षांत छत्तीस सापडल्या. मग डोळे गेले. मी विचारलं, सापडून करायचं काय? म्हणाला, "करायचं काही नाही. ती टाकी आता डिझेल वाहते. तिच्यावर काही लिहिलेलं नाही. कुणीतरी ओळखावं की."

तो अकरा अंकी नंबर कसा असतो ते सांगतो, पुढे लागणार आहे. पहिले दोन अंक डब्याचा प्रकार: तिसातले बंद डब्यांचे, चाळिसापासून टाक्या. पुढचे दोन मालक रेल्वे: ०१ मध्य, ०८ पश्चिम, ०९ दक्षिण मध्य. मग दोन अंक बांधणीचं साल. मग चार अंक त्या डब्याचे स्वतःचे. आणि शेवटचा अंक पडताळ्याचा. तो असा काढतात: सम जागांवरच्या अंकांची बेरीज करून तिची तिप्पट करायची, त्यात विषम जागांवरचे अंक मिळवायचे, आणि ती बेरीज पुढच्या दहाच्या पटीला न्यायला जेवढे लागतात तो शेवटचा अंक. नंबर लिहिताना चूक झाली तर इथे पकडली जाते. बँकेतही आम्ही असंच काही वापरायचो, पण आम्हाला मशीन लागायचं.

दुपारी चारला तेलाची गाडी आली. मागून एक्स्प्रेस येत होती म्हणून तिला फलाटालगतच्या लूपला घेतली. माणूस चालेल एवढ्या वेगाने ती आमच्यासमोरून सरकायला लागली. याने कोरे चौदा नंबर पाठ केलेले होतेच. "साल आणि पुढचे चार वाच. मोठ्याने." मी बाकावर उभा राहून वाचायला लागलो. एकसष्टाव्या वर्षी फलाटावर उभं राहून ओरडत आकडे वाचणारा माणूस बघायला दोन बायका आणि एक कुत्रं थांबलं. शून्य-सहा, चार-एक-एक-नऊ. नाही. अकरा, दोन-शून्य-आठ-आठ. नाही. नाही. नाही. पंचवीस-तीस टाक्या गेल्या, घसा बसला. पस्तिसावी असेल. "सत्त्याण्णव, दोन-तीन… पुढचा दिसत नाही… एक." तो उभा राहिला. "थांब. पुन्हा वाच."

गाडी थांबल्यावर फलाटाच्या टोकाला गेलो. टाकी समोरच होती, पण वरून ओघळलेल्या तेलाच्या काळ्या पट्ट्याखाली एक अंक पूर्ण झाकला गेला होता. नंबर दुसऱ्या बाजूलाही असतो. मी म्हटलं, पलीकडून बघून येऊ का? त्याने माझा दंड धरला. "उभ्या गाडीच्या पलीकडे जायचं नाही. चौतीस वर्षं लोकांना हेच सांगितलं मी. सगळा नंबर सांग, शेवटच्या अंकासकट."

मी वाचला: चार, शून्य, शून्य, आठ, नऊ, सात, दोन, तीन, काळा, एक, तीन.

गणिताच्या सर, इकडे लक्ष द्या, याला तुम्ही सहामाहीत पस्तीसपैकी नऊ गुण दिले होते. डोळे मिटून, बोटं न मोडता तो म्हणाला, "सम जागा: शून्य, आठ, सात, तीन, एक. एकोणीस. तिप्पट सत्तावन्न. विषम: चार, शून्य, नऊ, दोन. पंधरा. झाले बहात्तर. शेवटचा तीन, पंच्याहत्तर. ऐंशीला पाच कमी. काळ्याखाली पाच आहे."

मी डायरी उघडली. कोऱ्या चौदांत सहावा: ४००८९७२३५१३.

पश्चिम रेल्वेचा डबा, १९९७ ची बांधणी. मी त्याला काही सांगितलं नाही, फक्त पेन त्याच्या हातात दिलं आणि बोट त्या ओळीवर नेऊन ठेवलं. खूण जरा खालच्या ओळीवर गेली. तारीख मी घातली. एक्स्प्रेस धडधडत निघून गेली, मग लूपचा सिग्नल पडला आणि तेलाची गाडी हलली. शेवटी गार्डचा डबा आला. दारात एक तरुण मुलगी, हातात हिरवा झेंडा. तिला तो ओळखत नव्हता, ती त्याला ओळखत नव्हती. त्याने खिशातून रुमाल काढला आणि हात वर केला. रुमाल पांढरा होता. तिने तरी झेंडा दाखवला.

आता त्याच्या घरी टीव्हीचा आवाज वाढत नाही, असा वहिनींचा रिपोर्ट आहे. महिन्यातून दोन रविवार आम्ही होटगीला किंवा बाळ्याला असतो. त्यानंतर एकही टाकी सापडलेली नाही. तेरा बाकी आहेत, आणि त्या देशात कुठेही असू शकतात, म्हणून मी आज इथे उभा आहे. आपली बॅच पनवेलपासून नागपूरपर्यंत आणि हैदराबादपासून बडोद्यापर्यंत पसरली आहे. फाटकात अडकलात आणि समोरून तेलाची गाडी जात असेल, तर मोबाइलवर निरोप वाचत बसण्यापेक्षा नंबर वाचा. तेरा नंबरांची यादी मी चहाच्या टेबलावर, नावनोंदणीच्या वहीशेजारी ठेवली आहे. पन्नास प्रती काढल्या आहेत, एकेक घेऊन जा. सापडला तर अकराही अंक कळवा. एखादा अंक दिसला नाही तरी चालेल. पण दोन दिसले नाहीत तर उपयोग नाही. आणि पट्टीच्या आत उभं राहायचं.